जिवाणीचा नळ

विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला त्याच्या पुढच्या चैत्रात कारंज्याच्या शांतिसदन धर्मशाळेत पाण्याची बोंब उठली, आणि त्या बोंबेत गोपीचंद मॅनेजर चोर ठरला. टाकीतलं पाणी जातं कुठं, हे साऱ्या गावात दोघींनाच ठाऊक होतं. एक कन्याशाळेत सृष्टिज्ञान शिकवणारी मनकर्णा, आणि दुसरी तिची आई गोमतीबाई. दोघींनी तोंडातून शब्द काढला नव्हता. आईनं लेकीच्या धाकानं, आणि लेकीनं आपल्या मर्जीनं. कारण चार वर्षांमागे त्याच धर्मशाळेच्या त्याच चौकात, त्याच गोपीचंदानं तिच्या बापाला चोर ठरवलं होतं.

धर्मशाळा नेमासावजी नावाच्या जैन शेटजींनी बांधलेली. सरकीचा आणि कापसाचा व्यापार करून म्हातारपणी त्यांनी हात सैल सोडला, आणि यात्रेकरूंसाठी दुमजली इमारत उभी केली. मध्ये चौक, चौकात विहीर, विहिरीला लागून इंजिनाची खोली, आणि गच्चीवर कमरेइतकी खोल पण चांगली ऐसपैस अशी सिमेंटची टाकी. इंजिन क्रूड तेलावर चालायचं. विहिरीचं पाणी ते वर फेकायचं आणि टाकीतून नळांनी पाणी खाली न्हाणीघरांत, स्वयंपाकघरात यायचं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं तोटी उघडायची, पाणी बघायची, बंद करायची आणि पुन्हा उघडायची.

आता जैनाचं घर म्हटलं की पाणी गाळल्याशिवाय ओठाला लागत नाही. टाकीच्या तोंडावर लाकडी चौकटीत दुहेरी जाड कापड ताणलेलं असे. इंजिनाचं पाणी त्यावर पडायचं आणि गाळून टाकीत उतरायचं. पण काम तिथं संपत नाही. गाळण्यावर जे बारीक जीव राहतात ते मारायचे नसतात. गाळणं उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं, आणि ते धुवण, ज्याला जिवाणी म्हणतात, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचं. तेही वरून भस्सकन ओतायचं नाही, पाण्याशी नेऊन अलगद. घरोघरी त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असते. पाण्याला टेकली की दोरीचा हिसका देऊन ती उपडी करतात.

गच्चीवरून हे जमणं कठीण. पाणी भरणारी नानीबाई जिवाणीची कळशी घेऊन दोन जिने उतरायची आणि गुडघे धरून परत चढायची. तेव्हा गोपीचंदानं तोड काढली. टाकीच्या तळातून एक नळ उभा केला. नळाचं वरचं तोंड टाकीच्या काठाखाली वीतभर. खालचं टोक भिंतीवरून उतरत विहिरीत, उन्हाळ्यातल्या पाण्याला टेकेल न टेकेल असं. जिवाणी वर ओतायची, ती खाली पाण्याशी पोचायची. टाकी जास्त भरली तर वरचं पाणीही त्याच नळानं विहिरीत जायचं, गच्चीवर सांडायचं नाही. नळाच्या उघड्या तोंडात किडामुंगी पडून मरू नये म्हणून त्यानं जुन्या बंबाचं तांब्याचं नळकांडं घेतलं, फय्याज कल्हईवाल्याकडून त्याचं एक तोंड बुजवून घेतलं, आणि ते टोपणासारखं नळावर उपडं ठेवलं. टोपणाच्या कडा खाली टाकीच्या तळाशी तीन दगडांवर टेकलेल्या. जिवाणी ओतताना टोपण उचलायचं आणि परत ठेवायचं. बाहेरगावचे सावजी गच्चीवर येऊन हा नळ पाहून जायचे, आणि गोपीचंद तो दाखवताना धोतराचा सोगा सावरून उभा राहायचा.

इंजिन रतनसिंगाच्या ताब्यात होतं. रतनसिंग म्हणजे मनकर्णाचा बाप. जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर राबलेला, बोलायला कमी, आणि कामात असा की पट्ट्याला नुसता हात लावून ढिला का ताठ ते सांगायचा. तो संध्याकाळी टाकी काठोकाठ भरायचा, खोलीला कुलूप घालायचा आणि घरी जायचा. जिवाणीच्या नळाच्या पहिल्याच चैत्रात, चार वर्षांमागे, सकाळी तोट्या उघडल्या तर नुसता फसफस वारा. टाकी तळाला. गच्चीवर ओल नाही, भिंतीला डाग नाही, आणि पिंपातलं तेल मात्र उतरलेलं.

गोपीचंदानं सरळ अर्थ लावला. पाणी नाही म्हणजे इंजिन लोकांना ऐकवण्यापुरतं वाजवलं, पुरतं चालवलंच नाही. इंजिन पुरतं चाललं नाही आणि तेल गेलं म्हणजे तेल विकलं. त्यानं रतनसिंगाला चौकात, सगळ्या यात्रेकरूंपुढे, रिकाम्या पिंपाशेजारी उभं केलं. रतनसिंग एकच वाक्य बोलत राहिला की मी काठोकाठ भरली होती. त्यावर गोपीचंदानं विचारलं, "मंग पान्याले पाय फुटले काय रे, रतनसिंग?" लोक हसले. ते हसू रतनसिंगाच्या पाठीमागे गल्लीपर्यंत आलं. पुढे कोणत्याही फॅक्टरीनं त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. तो रिठदला भावाच्या शेतावर निघून गेला आणि मोट हाकू लागला. कारंज्याचं नाव काढलं की उठून बाहेर जायचा. मनकर्णा तेव्हा अमरावतीला कॉलेजात होती. इंटर सायन्सची परीक्षा तिनं दिलीच नाही. परत आली, मास्तरकीची सनद काढली, कन्याशाळेत लागली आणि आईला जवळ ठेवून घेतलं. गोपीचंद तेव्हाही कुणाला म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं होतं, "तेलचोराची पोर शिकवन काय शाळेत? पिंपाले भोक पाडाले?"

रतनसिंगानंतर इंजिनावर उस्मान आला. त्यानं मागच्या माणसाचं काय झालं ते पाहिलेलं होतं, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी चढवायचा, तेही चार माणसांना हाक मारून, त्यांच्या देखत. टाकी कधी अर्ध्याच्या वर भरली नाही आणि पाणीही कधी नाहीसं झालं नाही. गोपीचंदाला हवा तो पुरावा मिळाला. उस्मान आला आणि चोरी थांबली, तेव्हा चोर रतनसिंगच, हे तो आता देवळाच्या पायरीवर बसूनही सांगू लागला.

मनकर्णाला बापाची खात्री होती, पण खात्री म्हणजे उत्तर नव्हे, हे तिला शिक्षणानं पक्कं समजलं होतं. पाणी नाहीसं होत नाही. ते कुठून तरी कुठे तरी जातं. भिंतीत गेलं तर भिंत सांगते, जमिनीत गेलं तर जमीन सांगते. इथं काहीच सांगत नव्हतं. चार वर्षं तो प्रश्न तिनं पायातल्या काट्यासारखा सांभाळला.

या वर्षी महावीर जयंतीचा उत्सव मोठा करायचा नेमासावजींनी ठरवलं. कन्याशाळेच्या मुली स्तवन म्हणणार होत्या, म्हणून बायकांकडची व्यवस्था पाहायला मनकर्णाला बोलावलं. धर्मशाळेच्या आत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. नानीबाईबरोबर गाळणी वाळत घालायला ती गच्चीवर चढली, टाकीत डोकावली, आणि तिथंच थांबली.

"हे काय हाये, नानीबाई?"

"जिवानीचा नळ हाये ना, बाई. मॅनेजरसायबाची अक्कल."

मनकर्णा त्या उपड्या तांब्याच्या टोपणाकडे पाहत राहिली. असं टोपण तिनं आधी पाहिलं होतं. अमरावतीच्या वसतिगृहात साखळी ओढायचा पायखाना होता. एकदा त्याची टाकी बिघडली आणि दुरुस्तीवाल्यानं झाकण काढलं, तेव्हा ती स्टुलावर चढून आत बघत बसली होती. आत असंच उभ्या नळावर लोखंडी टोपण उपडं होतं. टोपणाखालून पाणी एकदा का नळाच्या तोंडावरून पलीकडे वाहू लागलं की आतली हवा ओढून नेतं, आणि हवा गेली की मग नुसतं वरचं पाणी जात नाही. सगळी टाकी मागोमाग खेचली जाते, टोपणाची कड उघडी पडेपर्यंत. पुस्तकात त्याला वक्रनलिका म्हणतात. शाळेत ती काचेची वाकडी नळी घेऊन मुलींना तेच दाखवायची.

गोपीचंदानं किडामुंगी वाचवायला टोपण ठेवलं होतं, आणि नकळत साखळीवाचून आपोआप सुटणारी टाकी बांधली होती. पाणी नळाच्या तोंडाखाली असलं तर काही नाही. तोंडावरून गेलं, म्हणजे माणसानं टाकी प्रामाणिकपणे काठोकाठ भरली, की ती रातोरात निमूट विहिरीत रिकामी होणार. इंजिनानं जाळलेलं तेल, वर चढवलेलं पाणी, सगळं पुन्हा जिथल्या तिथं. पावसाळ्यात विहीर चढली की नळाचं टोक खोल बुडायचं, आतली हवा कोंडून बसायची आणि वक्रनलिका धरायचीच नाही. म्हणून हे फक्त चैत्र-वैशाखात घडायचं. उस्मान घाबरून कमी भरायचा म्हणून वाचला. तिचा बाप पुरं भरायचा म्हणून चोर ठरला.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. गोमतीबाई भाकरी थापत होती. तिनं परातीतले हात तसेच उचलले.

"मंग चाल ना सावजीकडं. आत्ताच्या आत्ता."

"नाही, माय."

"काहून नाही? तुया बाप तथी रिठदले तोंड लपवून बसून राह्यला, अन् तू नाही म्हणतं?"

"आता सांगितलं तर काय होईल? सावजी म्हणतील, अरेरे, चूक झाली. गोपीचंद म्हणेल, मले काय ठाऊक होतं. टोपण काढून ठेवतील आणि सगळे जेवायला बसतील. बाबांना ज्या पिंपाजवळ उभं केलं त्या पिंपाजवळ तो कधी उभा राहणार?"

गोमतीबाई चूल विसरली. तव्यावरची भाकर करपली. "तू लहानपनीही अशीच होती," ती शेवटी म्हणाली. "मुंगी चावली तं मुंगी नाही मारे. वारूळ धुंडे."

संधी आपल्या पायानं चालत आली. सरकी पिळण्याच्या कारखान्यात उस्मानला काम लागलं आणि ऐन उत्सवाच्या तोंडावर तो गेला. परक्या माणसाच्या हाती तेल द्यायला गोपीचंद तयार होईना. इंजिनाची चावी त्यानं स्वतःच्या करगोट्याला बांधली. आता इंजिन तोच चालवणार होता आणि पिंप तोच उघडणार होता. दुसऱ्या कुणाचा हात त्या खोलीत जाणार नव्हता. मनकर्णानं हे ऐकलं तेव्हा ती मुलींच्या वह्या तपासत होती. तिनं पेन टोपणात घातलं आणि पदर सारखा करून नेमासावजींकडे गेली.

सावजी पडवीत बसून पाण्याची काळजीच करत होते. एवढी माणसं, सकाळी सगळ्यांची आंघोळ एकदम, आणि त्याच वेळेला प्रवचन. इंजिनाचा धडधडाट सुरू झाला तर महाराजांचा शब्द कुणाला ऐकू येणार? बाई, तुम्ही शास्त्र शिकलेल्या, तुम्हीच सांगा, असं ते म्हणाले.

"दिवस मावळायच्या आत टाकी काठोकाठ भरून ठेवावी, सावजी," मनकर्णा म्हणाली. "थोडी कमी नको. अगदी काठाला लागेल अशी. मग सकाळी इंजिन लावायची गरजच पडायची नाही."

सल्ला शहाणपणाचा होता. ज्यानं ऐकला त्यानं मान डोलावली. गोपीचंदानंही, जरा नाराजीनं, कारण तो तिच्या तोंडून आला होता.

उत्सवाच्या पहिल्या सकाळी तोट्या कोरड्या निघाल्या. गोपीचंद म्हणाला की बायकांनी पहाटेच वापरून टाकलं असेल. बायकांनी कपाळाला हात लावला. बंबात पाणी नव्हतं, स्वयंपाक खोळंबला, आणि नानीबाई विहिरीवर दोरी ओढून ओढून रडकुंडीला आली. त्या संध्याकाळी गोपीचंदानं स्वतः गच्चीवर जाऊन काठाला बोट लावून पाहिलं, पाणी बोटाला लागलं, आणि मगच तो झोपला. दुसऱ्या सकाळी टाकी पुन्हा तळाला. तेल निम्म्यावर आलं. मग माणसं कुजबुजू लागली की गोपीचंदाच्या मेव्हण्याची पिठाची गिरणी क्रूडवरच चालते. ही गोष्ट इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणाला तिच्यात काही दिसलं नव्हतं. आता सगळ्यांना दिसलं.

उत्सव संपला त्या दिवशी नेमासावजींनी त्याला चौकात बोलावलं. पिंप बाहेर आणून ठेवलं होतं. मनकर्णा मुलींना घेऊन जिन्याशी उभी होती. तिनं मुलींना घरी पाठवलं आणि आपण तिथंच थांबली, कारण यातला एक क्षणही तिला चुकवायचा नव्हता. गोपीचंदाचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो म्हणाला, मी काठोकाठ भरली होती. सावजींनी विचारलं, मग गेलं कुठं पाणी? तो पुन्हा तेच म्हणाला. गर्दीतून कुणीतरी हळूच बोललं, "पान्याले पाय फुटले असतीन," आणि लोक हसले. मनकर्णा हसली नाही. तिनं फक्त ते हसू नीट ऐकून घेतलं, चार वर्षं मनात वाजत राहिलेल्या हशाशी पडताळून पाहावं तसं.

सावजींनी चावी काढून घेतली. त्यांना या यंत्राचाच वीट आला होता. इंजिन विकून टाका म्हणाले, परवा गवंडी आणून जिवाणीचा नळ कापा, टाकीचं भोक बुजवा, आणि पूर्वीसारखी कडीची बादली सुरू करा.

हे मात्र मनकर्णाच्या हिशेबात नव्हतं. नळ कापला की पुरावा संपला. मग आपण तोंडानं सांगत बसायचं आणि लोकांनी बापाची बाजू घेते म्हणायचं. शिवाय बापाची सुटका म्हणजे गोपीचंदाचीही सुटका, हे ती पहिल्या दिवसापासून जाणून होती. दोघं एकाच फासात होते आणि तो एकाच सुरीनं कापायचा होता. एकाला सोडवून दुसऱ्याला ठेवता येईल अशी जागा ती शोधत राहिली, आणि ती जागा तिला दिवेलागणीला सापडली.

दारात गोपीचंद उभा होता. हातात टोपी. गोमतीबाई चुलीजवळ होती. ती उठली नाही.

"बाई," तो म्हणाला, "आत येऊ काय?"

मनकर्णानं दारातच पाट टाकला. तो बसला नाही.

"तुमी शास्त्र शिकल्या. मले एवढंच सांगा, पानी कुठी गेलं? म्या भरलं होतं. बोट लावून पाह्यलं होतं. पन आता सारे म्हणून राह्यले तं मलेच वाटाले लागलं का म्या भरलंच नाही. झोपेत होतो का काय होतो. बायकोही तोंडाकडं पाह्यते. पागल होईन मी, बाई."

"रतनसिंगही हेच सांगत होते," मनकर्णा म्हणाली.

त्याची मान खाली गेली. "होय. म्या ऐकलं नाही. चुकलो असन मी. उद्याच्या पहिल्या मोटारीनं शिरपूरले चाललो, बहिनीकडं. इथी तोंड दाखवाची सोय नाही राह्यली. पन जायच्या आधी एवढं समजलं असतं तं..."

घरात चुलीतल्या काटकीचा आवाज होत होता. गोमतीबाईनं लेकीकडे पाहिलं. दोन वाक्यांचं काम होतं. एका लोटीत पाणी आणि एक वाकडी नळी घेतली असती तरी दाराशी उभ्या उभ्या दाखवता आलं असतं.

"पाण्याला पाय फुटत नाहीत, गोपीचंदजी," मनकर्णा म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं."

 तो टोपी डोक्यावर ठेवून गेला. त्याच्या वहाणांचा आवाज गल्लीच्या वळणावर थांबला, पुन्हा सुरू झाला आणि विरला.

"मना," गोमतीबाई म्हणाली, "हे चांगलं नाही केलं."

"बाबांना चार वर्षं असंच वाटत असेल, माय. भरली होती का नव्हती."

"तेच म्हणून राह्यली मी," आई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

सकाळची मोटार गेल्यावर मनकर्णा नेमासावजींकडे गेली. गवंडी उद्या येऊ द्या, म्हणाली, पण त्यांची छिन्नी नळाला लागायच्या आधी मला एक गोष्ट दाखवायची आहे, आणि ती दाखवणारा माणूस रिठदहून यायचा आहे. कोण माणूस, असं सावजींनी विचारलं. तिनं नाव सांगितलं. सावजी नाही म्हणाले नाहीत. गोमतीबाई त्याच दुपारी रिठदला गेली.

रतनसिंग दुसऱ्या दिवशी आला. खांदे मोटेनं वाकलेले, अंगावर धुतलेलं पण चुरगळलेलं धोतर. स्टँडावरून धर्मशाळेपर्यंत त्यानं नजर वर केली नाही. मनकर्णानं त्याला वाटेतच सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, नीट समजावून द्यावं लागेल. पण टोपणाखालची हवा पाणी ओढून नेतं एवढं ऐकताच तो रस्त्यात थांबला. इंजिनाचा माणूस होता तो. हवा कुठं अडते आणि कुठं सुटते यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

"म्हंजे म्या भरतच होतो," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"मले वाटे का आपल्याच डोक्यात काही झालं. का डुलकी लागली असन, अन् सपनात भरली असन." त्यानं पाठ फिरवली आणि थोडा वेळ एका भिंतीला हात लावून उभा राहिला. गोमतीबाई शेजारी जाऊन उभी राहिली. 

धर्मशाळेत चौकभर माणसं जमली होती. सावजींनी चावी आपल्या हातानं रतनसिंगाला दिली. त्यानं इंजिनावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली, चाक फिरवलं, आणि पहिल्याच झटक्याला इंजिन बोललं. पाणी वर चढू लागलं. मनकर्णानं सावजींना आणि चार वडीलधाऱ्यांना गच्चीवर नेलं, बाकीच्यांना विहिरीत डोकावायला सांगितलं. पाणी नळाच्या तोंडाखाली असताना तिनं इंजिन बंद करवलं. सगळे थांबले. टाकी तशीच राहिली. पुन्हा इंजिन लावलं. पाणी नळाच्या तोंडावर गेलं, वीतभर वर काठाला लागलं, आणि मग इंजिन थांबवून रतनसिंग वर आला. गच्चीवर कुठे काही हललं नाही. पण खाली विहिरीत डोकावणाऱ्यांपैकी कुणीतरी ओरडून सांगितलं की नळाचं पाणी धो धो चालू आहे. टाकीच्या भिंतीवरची ओली रेघ उघडी पडत चालली. पाणी वीतभर उतरून थांबेल म्हणून वडीलधारे वाट पाहत राहिले. ते थांबलं नाही. पाणी नळाच्या तोंडाखाली गेलं तरी जातच राहिलं.

"आता टोपण काढा, बाबा," मनकर्णा म्हणाली.

रतनसिंग टाकीत उतरला आणि तांब्याचं टोपण दोन्ही हातांनी उचललं. एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला, आणि पाणी जिथल्या तिथं थांबलं.

नेमासावजींनी हात जोडले. कुणापुढे जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. म्हणाले, जीव वाचवायला ठेवलं आणि दोन माणसांचा जीव घेतला आपण. खाली चौकात बातमी पोचली तशी माणसं एकदम बोलू लागली. जे त्या दिवशी हसले होते ते रतनसिंगाच्या खांद्याला हात लावायला गच्चीवर चढून आले. सावजी म्हणाले, गवंडी परत पाठवा, टोपणाला वरून वाऱ्यापुरतं भोक पाडून घ्या, आणि इंजिन रतनसिंगाचं.

रतनसिंग टाकीतून बाहेर आला. धोतर मांडीपर्यंत भिजलं होतं. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली, कुणाला तरी शोधत असल्यासारखी.

"गोपीचंद कुठी हाये?"

कुणीतरी सांगितलं की तो काल पहाटेच गाव सोडून गेला. कुठे गेला, घरच्यांनाही सांगितलं नाही.

"त्याले कोनी सांगाले पायजे," रतनसिंग म्हणाला. "आजच. त्याले वाटत असन का आपल्याच डोक्यात काही झालं. मले माहीत हाये ना ते. लय वाईट राह्यते." तो लेकीकडे वळला. "तुले काही म्हणला काय, मना? कुठी चाललो म्हणून?"

गोमतीबाई जिन्याच्या तोंडाशी होती. तिनं लेकीकडे पाहिलं नाही. ती खाली वाकून गाळणं उचलू लागली.

मनकर्णानं ओले हात पदराला पुसले. बातमी आज ना उद्या शिरपूरला पोचणारच होती. मोटारी जात होत्या, यात्रेकरू जात होते. कुणाच्या तरी तोंडून ती जाईल, अर्धीमुर्धी, कुणी विश्वास ठेवेल कुणी नाही. चार वर्षं लागायची नाहीत. पण जेवढे दिवस लागतील तेवढे तिला हवे होते.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "मला काही बोलले नाहीत."